कुलूप लावणारा निघून गेल्यावर

लॅपटॉप अगदी ठणठणीत असतो. झाकण उघडलं की स्क्रीन लख्ख उजळते, कीबोर्डवरचं एकही अक्षर पुसलेलं नसतं, बॅटरीत अजून निम्म्याहून जास्त जीव असतो. आपण आधीच्या मालकाचं सगळं पुसतो, नव्याने सुरू करतो, भाषा निवडतो, वायफाय जोडतो आणि मग एक पान येतं. हा मॅक अमुक खात्याशी जोडलेला आहे, त्या खात्याचा पासवर्ड द्या. खात्याचा ईमेलही धड दिसत नाही. पहिलं अक्षर आणि पुढे नुसते ठिपके. तिथून पुढे जाता येत नाही. मागेही जाता येत नाही, कारण मागचं आपणच पुसलेलं असतं.

पुण्यात आमचा एक छोटा गट आहे. कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप आम्ही घेतो, उघडतो, साफ करतो, लागेल तो भाग बदलतो आणि भोर, आंबेगाव, जुन्नरकडच्या शाळांना आणि अभ्यासिकांना देतो. तुटलेली बिजागरी, पाणी सांडलेला कीबोर्ड, फुगलेली बॅटरी हे सगळं या कामात रोजचंच. त्याचं वाईट वाटत नाही, कारण त्यावर हात चालवता येतो. जीव खरा तुटतो तो या पानाशी. यंत्रात काहीही बिघडलेलं नसतं आणि तरीही ते भंगारात जाणार हे दिसत असतं.

पासवर्ड मागणारं हे पान म्हणजे एक कुलूप आहे आणि ते कुणी वाईट हेतूने बनवलेलं नाही. २०१२-१३च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत स्मार्टफोनसाठी भररस्त्यात मारहाण होऊ लागली होती, काहींचे त्यात जीवही गेले. सॅन फ्रान्सिस्कोचे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी जॉर्ज गॅस्कोन आणि न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एरिक श्नायडरमन यांनी जून २०१३ मध्ये फोन कंपन्यांमागे जाहीरपणे लकडा लावला: चोरलेला फोन चोराच्या हातात निरुपयोगी ठरेल अशी सोय करा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयओएस ७ आलं आणि त्यासोबत ॲपलचं ॲक्टिव्हेशन लॉक आलं. २०१४ मध्ये मिनेसोटा आणि पाठोपाठ कॅलिफोर्निया या राज्यांनी तर तसे कायदेच केले. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ मध्ये गूगलनेही आपलं कुलूप आणलं. फोन रीसेट केला तरी आधीचं गूगल खातं विचारणारं. ॲपलचं कुलूप आल्यानंतरच्या वर्षभरात सॅन फ्रान्सिस्कोत आयफोनच्या चोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या.

मुंबईच्या लोकलमध्ये दारात उभं राहून ज्यांनी फोन गमावलाय, त्यांना या कुलपाची किंमत पटवून द्यायला नको. रुळांच्या कडेला दबा धरून काठीचा फटका मारायचा, हातातला फोन खाली पाडायचा, हा तिथला जुना धंदा आहे आणि त्या फटक्याने तोल जाऊन माणसं गाडीखाली गेलेली आहेत. चोरलेल्या फोनचे चोराला पैसे मिळेनासे झाले, तर फटका मारण्यासाठी कुणी रुळांवर उभं राहणार नाही. म्हणून, कुलूप नकोच, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. जुन्या यंत्रांना नवं आयुष्य देणाऱ्यांत असे बरेच जण आहेत आणि त्यांच्याशी माझे वाद होतात.

माझी तक्रार निराळी आहे. कुलूप बनवताना चोराचा विचार झाला, मालकाचाही झाला. मालकानंतर ज्याच्या हाती ते यंत्र रीतसर येणार, त्याचा विचार झाला नाही.

पूर्वी लॅपटॉपचं कुलूप लॅपटॉपमध्येच असायचं. बायोसचा, म्हणजे मशीन सुरू होतानाच विचारला जाणारा पासवर्ड मदरबोर्डवरच्या एखाद्या छोट्या चिपमध्ये लिहिलेला असे. डेस्कटॉप असेल तर बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून पुन्हा बसवला की बऱ्याचदा काम भागायचं. ऑफिसच्या लॅपटॉपांचं तसं नव्हतं. थिंकपॅडसारख्या मशीनमध्ये पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असायचा आणि सेल काढून तो जायचा नाही. मग चिपच्या पायांना प्रोग्रॅमर नावाचं छोटं उपकरण लावून आतला मजकूर वाचायचा, बदलायचा, परत लिहायचा. काही मॉडेलांत तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की स्क्रीनवर एक आकडा यायचा आणि त्या आकड्यावरून खुलं करणारा कोड काढता यायचा.

हे सगळं मी तापकीर गल्लीत शिकले. तिथल्या एका दुकानात पोटमाळ्यावर एक काका बसायचे. त्यांचं मुद्दाम शिकवणं नव्हतं, पण शेजारी उभं राहिलं तर हाकलायचे नाहीत. कुलूप लागलेलं मशीन आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बिल आहे का?" बिल नसेल तर कंपनीचं पत्र, तेही नसेल तर निदान मशीन कुठून आलं ते नीट सांगायचं. सांगणाऱ्याच्या बोलण्यात गडबड वाटली की, "होत नाही हो हे," म्हणून परत द्यायचे. व्हायचं, हे मला माहीत असायचं. पण उघडायचं की नाही हे ठरवायला तिथे एक माणूस होता. समोरच्याचं तोंड बघून, चार प्रश्न विचारून तो ठरवायचा. तो कधी चुकत असेलही.

आताचं कुलूप यंत्राच्या आत नाही. ते दूरच्या सर्व्हरवरच्या एका यादीत आहे. २०१८ पासूनच्या मॅकबुकांमध्ये टी२ नावाची सुरक्षेची चिप येऊ लागली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनासोबत फोनवरचं ॲक्टिव्हेशन लॉक लॅपटॉपवरही आलं. २०२० मध्ये एम१ चिप आल्यावर तर तीच सुरक्षा मुख्य चिपमध्येच मुरली. आता लॅपटॉप पुसून नव्याने सुरू करताना तो आपला सिरीयल नंबर सर्व्हरला कळवतो आणि विचारतो, मी कुणाचा? सर्व्हर म्हणाला अमक्याचा, की मग तो अमका आल्याशिवाय काहीही होत नाही. साठवणीची चिप बोर्डालाच डकवलेली, तिच्यातला मजकूर त्याच बोर्डावरच्या चिपच्या किल्लीने बांधलेला. दुसरी डिस्क बसवावी म्हटलं तर बसवायला जागाच नाही.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट करायला हवी. आपला मजकूर दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून जी व्यवस्था असते, ती या कुलपाहून वेगळी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे आतला मजकूर किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असेल आणि किल्ली पुसली, तर आतलं सगळं कायमचं वाचण्यापलीकडे जातं. मालकाचे फोटो, बँकेचे कागद, कंपनीचे हिशेब सुरक्षित राहतात. ॲक्टिव्हेशन लॉक त्यानंतर उरतं. ते मजकुराचं रक्षण करत नाही, रिकाम्या यंत्राचं करतं. "आमचा डेटा आहे हो त्यात, म्हणून ठेवलंय लॉक," असं कंपनीतला माणूस सांगतो तेव्हा तो या दोन गोष्टींची गल्लत करत असतो आणि त्या गल्लतीपायी चांगली यंत्रं चिरडणाऱ्या मशीनमध्ये जातात.

कंपन्यांच्या लॅपटॉपांवर आणखी एक पहारा असतो. कंपनी शेकडो लॅपटॉप एकदम घेते आणि त्यांचे नंबर आपल्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदवते. विंडोजच्या जगात या प्रणालीचं नाव ऑटोपायलट, ॲपलकडे बिझनेस मॅनेजर, क्रोमबुकांना गूगलचं नोंदणी खातं. कर्मचाऱ्याने घरी पेटी उघडली, वायफाय जोडलं की लॅपटॉप स्वतःच कंपनीचा होतो, कंपनीचं लॉगिन मागतो. सोय मोठी आहे. करोनाच्या काळात लाखो माणसं घरून काम करू शकली त्यात या सोयीचा वाटा आहे. पण लॅपटॉप कंपनीतून बाहेर पडताना कुणीतरी त्या यादीतून नंबर काढावा लागतो. तो काढला नाही तर शाळेच्या टेबलावरही लॅपटॉप उघडताक्षणी त्या कंपनीचं नाव झळकतं आणि लॉगिन मागतं.

ऑटोपायलटवाल्या मशीनचं आम्ही निभावून नेतो. ती आडकाठी विंडोजपुरतीच असते; विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली की मशीन चालतं आणि शाळांना आम्ही तसंही बऱ्याचदा लिनक्सच देतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हापासून विंडोज ११ ला न चालणारी मशीनं कंपन्यांतून भराभर बाहेर पडतायत, त्यातली पुष्कळ लिनक्सवर अजून कितीतरी वर्षं काढतील. ॲपलच्या नव्या मशीनवर ही पळवाट नाही. लिनक्स टाकायलाही आधी ॲपलच्या दारातून जावं लागतं आणि दाराला तेच कुलूप.

चोरीविरोधी कुलपाचा मी वाचलेला सर्वात विचारी आराखडा लहान मुलांच्या लॅपटॉपसाठी होता. निकोलस नेग्रोपॉन्टी यांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचा. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्यासोबत त्यांनी त्याचा नमुना दाखवला आणि शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून जगभर त्याचं नाव झालं. शंभर डॉलरांत तो कधी बसला नाही. पण एक्सओ नावाचं ते हिरवं-पांढरं यंत्र खरोखर तयार झालं: ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, १ जीबी साठवण आणि भर उन्हात अंगणात बसून वाचता येईल अशी स्क्रीन. २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात नावाच्या छोट्या गावातही त्याचा प्रयोग झाला होता.

गरीब देशांतल्या लाखो मुलांच्या दप्तरात लॅपटॉप जाणार, तर चोरबाजाराची नजर त्यावर पडणारच. एक्सओच्या सुरक्षेचा आराखडा इव्हान क्रस्तिच या तरुण अभियंत्याने तयार केला, त्याचं नाव बिटफ्रॉस्ट. २००७ मध्ये तो जाहीर झाला. त्यात चोरीवरचा उपाय असा: लॅपटॉप अधूनमधून सर्व्हरला विचारणार, माझ्या चोरीची तक्रार आहे का? नसेल तर त्याला ठरावीक काळाची मुदत मिळणार. मुदत संपेपर्यंत पुन्हा गाठ पडली नाही, तर लॅपटॉप थांबणार आणि नव्याने परवाना मागणार. जिथे इंटरनेट नाही तिथे मुदतवाढ पेन ड्राइव्हवरून देता येणार. ही व्यवस्था वापरायची की नाही हे त्या त्या देशाने ठरवायचं.

इथवर हे आजच्या कुलपांसारखंच आहे. पण बिटफ्रॉस्टच्या अगदी मूळ तत्त्वांत आणखी एक गोष्ट होती. सुरक्षा कितीही बंधनं घालो, ती बंद करून यंत्राचा पूर्ण ताबा घेण्याची वाट वापरणाऱ्याला असलीच पाहिजे. त्या वाटेचं नाव डेव्हलपर की. मुलाने आपल्याच लॅपटॉपवरून ती मागायची. मागितली की लगेच मिळणार नाही, थोडे दिवस थांबायचं. तेवढ्यात चोरीची तक्रार आली तर किल्ली नाही. तक्रार आली नाही तर त्या एका यंत्रापुरती किल्ली मिळणार आणि मग ते यंत्र पुन्हा कधी कुणाला परवानगी विचारणार नाही.

त्या थांबण्याच्या काळावर मी खूप विचार केलाय. तापकीर गल्लीतल्या काकांचे चार प्रश्न जे काम करायचे, तेच काम इथे वेळेवर सोपवलेलं आहे. चोराला माल आजच्या आज फुंकायचा असतो, दोन आठवडे तिष्ठत बसणं त्याला परवडत नाही. शाळेला परवडतं. आम्हालाही परवडतं, आमचे लॅपटॉप तसेही महिनोन्महिने कपाटात पडून असतात.

प्रत्यक्षात सगळं इतकं सुरळीत झालं नाही. उरुग्वेने २००७ मध्ये विया कार्दाल या गावापासून प्लॅन सेइबाल सुरू केला आणि २००९ संपेपर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांच्या हाती हे लॅपटॉप दिले. चोरीविरोधी व्यवस्थाही चालू ठेवली. आता, मुदत मोजायची तर यंत्राला तारीख कळायला हवी आणि तारीख टिकते बोर्डावरच्या एका छोट्या सेलवर. पहिल्या पिढीच्या एक्सओत तो सेल संपला किंवा त्याचा संपर्क सुटला की घड्याळ मागे जायचं. मग तारीख चुकीची असल्याचं सांगून कुलूपबंद लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही आणि तो ताळ्यावर आणायला खोलून आत तारा जोडाव्या लागायच्या. ज्या मुलाचा लॅपटॉप, त्याच्याच हातात तो बंद पडलेला. चोराचा कुठे मागमूसही नाही.

अर्जेंटिनातली हकीकत याहून मोठी आहे. २०१० मध्ये क्रिस्तिना फर्नांदेस दे किर्चनेर राष्ट्राध्यक्ष असताना तिथे 'कोनेक्तार इग्वाल्दाद' ही योजना आली. माध्यमिक शाळेतल्या मुलांना नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप द्यायची. पुढच्या पाचसहा वर्षांत पन्नास लाखांच्या घरात नेटबुक वाटली गेली. त्यांचा नियम असा की ठरावीक काळात शाळेच्या सर्व्हरशी गाठ पडली नाही, तर नेटबुक अडणार. शाळेचा सर्व्हर बंद पडला, मूल आजारी पडलं, शाळा बदलली, की नेटबुक अडलीच. शिक्षण पूर्ण केलं की नेटबुक कायमची मुलाची व्हायची, पण कुलूप कायमचं काढून घ्यायला पुन्हा शाळेतच जावं लागे. सरकार बदललं आणि २०१८ मध्ये योजना गुंडाळली गेली. कुलपं मात्र योजनेबरोबर गेली नाहीत. ज्या व्यवस्थेने ती उघडायची तीच विरली आणि नेटबुक घराघरांत पडून राहिल्या.

ही दोन उदाहरणं मी लांबवून सांगितली, कारण आपल्याकडे आता जिकडेतिकडे मुलांना टॅब वाटले जातायत. वाटपाच्या दिवशी मान्यवर येतात, फोटो निघतात. टॅबच्या कुलपाची किल्ली कुणाकडे, योजना संपल्यावर ते कोण काढणार, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

आता आमच्या कामाकडे येते. एका कंपनीने मॅकबुकांचा एक चांगला लॉट दिला. सगळी यंत्रं स्वच्छ, कंपनीच्या मालमत्ता-क्रमांकाचे स्टिकरसुद्धा शाबूत. पुसून सुरू केली तर एकामागून एक प्रत्येकावर कंपनीचं नाव. फोन केला, तिथून दुसऱ्या विभागाकडे, तिथून आणखी कुणाकडे. शेवटी एक मुलगी फोनवर आली, नुकतीच आयटी विभागात रुजू झालेली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, सिरीयल नंबर पाठवा, मी बघते." दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने यादीतून एकेक नंबर मोकळा केला. आम्ही इकडे मशीन रीस्टार्ट करत गेलो आणि ते पान येईनासं झालं. सगळा लॉट मोकळा व्हायला तिला एक सुट्टी पुरली. "हे काढायचं असतं हे आमच्या चेकलिस्टमध्येच नाहीये," असं ती म्हणाली, आणि आता टाकते म्हणाली.

दुसऱ्या एका लॉटच्या वेळी अशी मुलगी भेटली नाही. ती कंपनी मध्यंतरी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती, जुनं व्यवस्थापन खातं कुणाच्या ताब्यात हे कुणालाच सांगता येईना. नव्या कंपनीचं म्हणणं, ही यंत्रं आमच्या नोंदीतच नाहीत. ॲपलकडे खरेदीचं मूळ बिल दाखवलं तर कुलूप काढून मिळू शकतं, पण बिल शोधणार कोण? यंत्रं त्यांच्या वहीतून कधीच निर्लेखित झालेली, भंगारवाल्याने वजनावर उचललेली. आम्ही बरंच भांडलो. शेवटी त्यातले स्क्रीन, बॅटऱ्या, कीबोर्ड काढून घेतले आणि बोर्ड अधिकृत पुनर्चक्रीकरणाला दिले. त्यातला एकही बोर्ड खराब नव्हता.

सुट्या भागांचीही वाट आता अरुंद होतेय. २०२४ मध्ये ॲपलने हे कुलूप आयफोनच्या बॅटरी, कॅमेरा, डिस्प्ले यांनाही लावलं. कुलूपबंद फोनमधला भाग दुसऱ्या फोनला बसवला तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या फोनशी जुळवून घेणं, अडतं. चोरीच्या फोनची मोडतोड करून भाग विकणाऱ्यांना यामुळे चाप बसेल, हे मला मान्य आहे. पण यादीतलं नाव न काढता टाकून दिलेल्या फोनची गतही तीच.

दोन्ही हकिकतींत अडचण एकच. कुलूप काढायला लागतात फार तर दोन मिनिटं. ती ज्याच्या हातात असतात, त्याचा त्या यंत्राशी संबंध संपलेला असतो. कंपनीकडून भाडेतत्त्ववाल्याकडे, तिथून लॉट घेणाऱ्याकडे, तिथून भंगारात, तिथून बाजारात असं यंत्र हात बदलत जातं आणि दर हाताला ते त्या दोन मिनिटांच्या मालकापासून लांब जातं. शेवटच्या माणसाला ते हवं असतं, पण त्याच्याकडे काहीच नसतं. भाड्याचं घर सोडताना किल्ली परत दिल्याशिवाय डिपॉझिट मिळत नाही. इथे किल्ली खिशात घालून निघून गेलं तरी कुणी अडवत नाही.

जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ६२० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद आहे. पुनर्चक्रीकरण म्हणजे तरी काय, तर चिरडणं, वितळवणं आणि त्यातून तांबं, सोनं, ॲल्युमिनियम थोडंफार परत मिळवणं. लॅपटॉपमुळे आयुष्यभरात जो कार्बन हवेत जातो त्यातला मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच गेलेला असतो. तो वितळवून परत येत नाही. चालतं यंत्र आणखी पाच वर्षं चालवणं याच्या तोडीचं दुसरं काही नाही. आपल्या देशाच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, रिफर्बिशरला, म्हणजे जुनी यंत्रं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याला, उत्पादक आणि रिसायकलर यांच्या रांगेत नोंदणीकृत स्थान दिलं. हे चांगलं पाऊल आहे. पण यंत्र देताना ते कुलूपमुक्त करून देण्याची जबाबदारी त्या नियमांत कुणावर टाकलेली मला दिसली नाही. नोंदणीकृत रिफर्बिशरच्या दारात कुलूपबंद यंत्र आलं तर त्यानेही ते चिरडायलाच पाठवायचं का?

एक प्रसंग सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण तो माझ्या म्हणण्याच्या आड येतो. एका रविवारी एक मावशी मुलाला घेऊन आल्या. मुलगा बारावीनंतर ॲनिमेशनच्या कोर्सला लागलेला. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून त्याने मॅकबुक घेतलं होतं, मावशींच्या भिशीच्या पैशांतून. दुकानदाराने चालू करून दाखवलं होतं. घरी आणून मुलाने रीसेट केलं आणि ते पान आलं.

"ताई, एवढं उघडून द्या. पोराचं वर्ष वाया जाईल हो."

"मावशी, बिल दिलंय का त्यांनी?"

"बाजारात कुठलं बिल? तो माणूस पुढच्या बाजाराला तिथे नव्हताच."

ते मशीन कंपनीने टाकलेलं होतं की कुणाच्या गाडीची काच फोडून पळवलेलं, हे कळायला काही मार्ग नव्हता. सिरीयल नंबर काही सांगत नाही. ठिपक्यांमागचा ईमेल काही सांगत नाही. ते मशीन उघडण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता आणि असता तरी मी उघडलं नसतं, हे मी मावशींना सांगितलं. त्यांना राग आला. तो रास्त होता. मुलाने आमच्याकडचा एक लिनक्सवाला लॅपटॉप बघितला, त्यावर ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर चालतं असं मी सांगितलं, पण त्याच्या वर्गात सगळे मॅकवरचीच सॉफ्टवेअर वापरायचे. तो लॅपटॉप न नेताच ते गेले.

तेव्हापासून मी बिटफ्रॉस्टमधल्या त्या थांबण्याच्या काळाकडे पुन्हा पुन्हा वळते. तसं आज का करता येऊ नये? नोंदणीकृत रिफर्बिशरने सिरीयल नंबर उत्पादकाकडे पाठवावा. उत्पादकाला ठिपक्यांमागचा पूर्ण पत्ता माहीत असतो. त्याने त्या मालकाला कळवावं की तुमचं अमुक यंत्र अमुक ठिकाणी आलंय, ते तुम्ही दिलंत की चोरीला गेलं? चोरीला गेलं असेल तर ते मालकाला परत मिळावं. दिलं असेल तर मालकाने एक बटण दाबून मोकळं करावं. महिना-दोन महिने उत्तरच आलं नाही, चोरीची तक्रारही नाही आणि यंत्र कुठून आलं याची साखळी कागदावर आहे, तर ते मोकळं व्हावं. आपल्याकडे फोनसाठी संचार साथी पोर्टलवर हरवलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, बंद करता येतो आणि सापडला की त्याच पोर्टलवरून पुन्हा सुरूही करून घेता येतो. बंद करण्याची आणि मोकळं करण्याची, दोन्ही दारं एकाच भिंतीत असू शकतात, हे सरकारी व्यवस्थेलाही जमलेलं आहे.

माणूस गेल्यावरचा प्रश्न ॲपलने असाच सोडवला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आयओएस १५.२ सोबत वारसदार संपर्क नेमण्याची सोय आली. मृत्यूचा दाखला आणि आधी दिलेली किल्ली सादर केली की वारसाला त्या खात्यातला मजकूर मिळतो आणि उपकरणांवरचं कुलूपही काढता येतं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी ती सोय वापरून ठेवली होती. ते गेल्यावर त्यांच्या मुलीला त्यांचा आयपॅड आणि त्यातल्या कवितांच्या वह्या मिळाल्या. वारसाची सोय करता आली, तर शाळेचीही करता येईल.

तोवर आम्ही कंपन्यांना पाठवायच्या पत्रात बदल केलाय. पूर्वी त्यात प्रोसेसर, मेमरी, वर्ष एवढंच विचारायचो. आता लॉट उचलण्याआधी सिरीयल नंबरांची यादी मागतो आणि चार कामं करून द्या म्हणतो: व्यवस्थापन प्रणालीतून नंबर काढा, कर्मचाऱ्याला त्याच्या खात्यातून 'फाइंड माय' (हरवलेलं यंत्र शोधण्याची ॲपलची सोय, हे कुलूप तिच्यासोबतच लागतं) बंद करायला लावा, बायोसचा पासवर्ड काढा, डिस्क नीट पुसा आणि पुसल्याचा दाखला द्या. टॅब आणि फोन असतील तर आधी सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं काढा, मग रीसेट करा. बटणं दाबून थेट रीसेट केलं तर कुलूप तसंच राहतं. घरचं एखादं जुनं उपकरण देणाऱ्यांनीही हेच करावं. कंपन्या आधी कुरकुरतात, मग बहुतेक जण करतात. जे करत नाहीत त्यांचा लॉट आम्ही घेत नाही, कारण आम्ही घेतला की त्यांच्या नोंदीत ते दान दिसतं आणि आमच्याकडे ते भंगार असतं.

मावशींच्या मुलाने आणलेलं मशीन या सगळ्या व्यवस्थेतूनही सहजी मोकळं होणार नाही. ते कुठून आलं हे सांगणारा एकही कागद त्यांच्याकडे नाही. पण त्याच्या मूळ मालकाला निदान एक पत्र गेलं असतं. ते मशीन चोरीचं असतं तर त्याला परत मिळालं असतं, नसतं तर कदाचित त्याने मुलासाठी ते मोकळं केलं असतं. आज त्याला यातलं काहीच ठाऊक नाही आणि त्याच्यापर्यंत पोचू शकणारी एकच कंपनी आहे. पुढच्या महिन्यात ई-कचऱ्यावरच्या एका बैठकीला मला बोलावलंय. तिथे मी या एका पत्राची मागणी करणार आहे.